दुपारची रात्र

रूपा शाळेत बोलत नाही, हे सावित्राबाईला शाळेतून नाही, शेतातून कळलं.

भाताची लावणी चालू होती. महिपती आबांच्या खालच्या खाचरात बायका ओळीनं वाकल्या होत्या. डोक्यावरून पाठीवर प्लास्टिकचे कागद आणि पोटऱ्यांपर्यंत चिखल. पवना धरणाच्या पाण्यावरून सर यायची, कागदांवर ताडताड वाजायची आणि तुंग किल्ल्याच्या अंगाला निघून जायची. आबांची बायको नंदाबाई छत्री धरून चहाची किटली घेऊन बांधावर आली. बाई मनानं वाईट नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तिची जन्माची खोड. कप भरता भरता ती म्हणाली,

"सावित्रे, तुजी नात मुकी हाय का गं? आमची सृष्टी सांगत हुती, वरीस झालं, वर्गात तोंड उघाडलं न्हाई म्हनं तिनं."

बाकीच्या बायकांचे हात थांबले. सावित्राबाई वाकलेलीच राहिली. हातातल्या जुडीतली रोपं तिनं एकेक करून रोवली, जरा जास्तच जवळ जवळ रोवली, आणि मग म्हणाली की मुकी कशानं, घरी तर तिचं तोंड मिटत नाही. बायका माना खाली घालून चहा प्यायल्या, आणि ते तिला नंदाबाईच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

खोटं ती बोलली नव्हती. वरच्या वाडीत डोंगराच्या कुशीला त्यांचं घर होतं, आणि त्या घरात दिवसभर आवाज रूपाचाच असायचा. ती कोंबड्यांशी बोलायची, शेळीशी भांडायची, भाकरी फुगली नाही तर तव्याला रागवायची. तिची आई, म्हणजे सावित्राबाईची लेक, रूपा अंगावर पीत असतानाच एका पावसाळ्यात तापानं गेली. बापानं दुसरा घरोबा केला. तेव्हापासून पोरीला आजी आणि कोंडूमामा, एवढंच गणगोत. कोंडू लोणावळ्याला तुंगार्लीत एका बंगल्यावर कामाला होता. पावसात शनिवार-रविवार तिथं पुण्या-मुंबईची माणसं लोटायची, त्यांची भजी तळायची, त्यांनी केलेला पसारा आवरायचा आणि सोमवारी जीपनं खिंडीपर्यंत येऊन पुढं डोंगराच्या धारेनं चालत घर गाठायचं. पिशवीत उरलेला केक असायचा. रूपा तो बोटानं चाटून खायची आणि मामाला आठवड्याचं सगळं सांगायची.

शाळेत मात्र कुलूप. शाळा खालच्या गावात. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी काहीतरी विचारलं, रूपानं वाडीच्या बोलीत उत्तर दिलं आणि वर्ग हसला. काय बोलली ते आता कुणाला आठवत नाही. हसले, तेवढं पोरीनं लक्षात ठेवलं.

त्या सोमवारी कोंडू आला तेव्हा सावित्राबाईनं त्याला सांगितलं. तो गुडघ्यांना मिठी मारून बसला. मग म्हणाला की दिवाळीनंतर तिला आश्रमशाळेत घालू, तिथं आपल्यातली पोरं असतात, कुणी हसणार नाही. आश्रमशाळा लांब होती. तिथं गेलेलं पोर सणालाच घरी यायचं. सावित्राबाईला ते नको होतं, पण ती विरोध करेना, कारण कोंडूच्या बोलण्यात खोट नव्हती. बोलणाऱ्याची बोरं विकतात, हे तिलाही ठाऊक होतं. तेव्हा ठरलं ते असं: पावसाळा सरता सरता शिक्षण खात्याचे साहेब वाचनाची तपासणी करायला येतात, एकेकाला उभं करून वाचून घेतात. रूपानं त्यांच्यापुढं तोंड उघडलं तर ती इथंच राहील, नाही तर आश्रमशाळा.

शाळेच्या राजेश्वरी मॅडम लोणावळ्याहून यायच्या. पवनानगरपर्यंत जीप, पुढं मिळेल त्याच्या मोटारसायकलवर. तरुण होत्या, हौशी होत्या. कुठल्याशा कंपनीनं शाळेला टॅब दिला होता, भिंतीवर चित्र पाडायचा छोटा प्रोजेक्टर दिला होता आणि चार्ज करून ठेवायचा स्पीकरही. मॅडमनी ते सगळं तान्ह्या मुलासारखं जपलं. अडचण इतकीच, की टॅबमधला ससा पुस्तकी बोलायचा आणि गाजर खायचा. आमच्याकडच्या पोरांनी ससा पाहिला होता तो रानात पळताना, आणि गाजर पाहिलं ते शनिवारच्या बाजारात. दोघांचा संबंध असतो हे त्यांना नवीनच होतं. पोरं सशाच्या मागून घोकायची. रूपा डोळे मोठे करून बघायची, पण ओठ हलवायची नाही.

सावित्राबाईनं शाळेत जाऊन चौकशी केली, तर मॅडमना आधीच काळजी होती. त्या म्हणाल्या, मी घरी येते, ती घरी कशी असते ते मला बघू द्या. आणि खरंच एके संध्याकाळी चपला हातात धरून, घसरत-सावरत, त्या वाडीवर आल्या.

रूपा आधी कणगीमागं लपली. पण घर आपलं, चूल आपली, किती वेळ गप्प राहणार? थोड्या वेळानं ती बाहेर आली, आजीच्या कानाशी लागली, गोष्ट सांग म्हणाली. आजी म्हणाली, दिवा लागल्याबिगर न्हाई. मॅडमनी सहज विचारलं, का हो मावशी? उत्तर रूपानंच दिलं. वर्ग हसला होता तेव्हापासून मॅडमशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो."

मॅडमना ते वाक्य ऐकूनच इतका आनंद झाला, की त्यातला अर्थ त्यांनी कानाआड केला. आमची आजीपण हेच सांगायची, म्हणून हसल्या. म्हाताऱ्या माणसांची कामं उरकून घ्यायची युक्ती, असं त्यांना वाटत आलं होतं.

दिवा लागला. सावित्राबाईनं खेकडीची गोष्ट काढली. बांधातली खेकडी; औत फिरलं, बीळ मोडलं; पोरं पोटाशी धरून ती जागा शोधत निघाली. बेडकाकडं गेली, बगळ्याकडं गेली, म्हशीच्या खुराच्या खळग्यातल्या पाण्याकडं गेली. जो तो म्हणाला, हितं जागा न्हाई, फुडं जा. गोष्ट सांगणारीनं एक वाक्य टाकायचं आणि ऐकणारानं 'हूं' म्हणायचं, ही वाडीची रीत. हुंकार आला नाही तर गोष्ट तिथंच उभी राहते. रूपा चुलीच्या उजेडात गुडघ्यावर हनुवटी टेकून दर वाक्याला हुंकार देत होती, खेकडीला कुणी हाकललं की तिचा 'हूं' बारीक व्हायचा.

मॅडमनी टॅब काढला. ही गोष्ट यात भरून घेऊ का, मुलांना ऐकवीन, असं विचारलं. सावित्राबाईला जरा संकोच वाटला, पण पोरीचं तोंड उघडणार असेल तर तिनं जीव काढून दिला असता, ही तर नुसती गोष्ट. ती व्हय म्हणाली, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, रूपाच्या हुंकारासकट. केव्हा ऐकवणार, हे तिनं विचारलं नाही. तिच्या लेखी गोष्टीची वेळ जगात एकच होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडमनी गोष्ट लावली. भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेली खेकडी, खाली मोठ्या अक्षरात सावित्राबाईचंच वाक्य, जसं बोललं तसं. न्हाई असं लिहावं का नाही असं, यावर मॅडमनी रात्री बराच विचार केला होता आणि न्हाईच लिहिलं होतं. उजेडामुळं भिंतीवरचं चित्र फिकट दिसत होतं, पत्र्यावर पाऊस वाजत होता. स्पीकरमधून आजीचा आवाज आला, पहिलं वाक्य संपलं, आणि भिंतीकडेला बसलेल्या रूपाच्या तोंडून, तिला कळायच्या आधीच, हुंकार गेला.

सृष्टीनं वळून बघितलं. रूपानं दोन्ही हात तोंडावर दाबले. पण हसलं कुणीच नाही, कारण सगळ्यांनाच पुढं काय झालं ते हवं होतं. दुसऱ्या वाक्याला तिचा हुंकार परत आला, तिसऱ्याला सृष्टीनं दिला, आणि गोष्ट संपेपर्यंत सगळा वर्ग हुंकार देत होता. आपल्या घरीसुद्धा आजी असंच बोलते, हे गावातल्या पोरांच्या त्या दिवशी ध्यानात आलं.

मग रोज दुपारी खेकडीची गोष्ट. तिच्या नादात मामाच्या वाटेचं रूपाच्या ध्यानातच राहिलं नाही. चारच दिवसांत रूपा उठून भिंतीजवळ जायला लागली, अक्षरांखाली बोट फिरवायला लागली, आणि एकदा पुटपुटत का होईना, हितं जागा न्हाई, फुडं जा, असं तिनं वाचलं. मॅडम पाठमोऱ्या होऊन फळा पुसत राहिल्या, कारण त्यांचे डोळे भरले होते. रूपाच्या घरी त्यांनी निरोप धाडला नाही. तपासणीच्या दिवशी आजीला एकदम चकित करू, असा त्यांचा बेत होता. रूपानंही मामा येईपर्यंत राखून ठेवायचं म्हणून आजीला काही सांगितलं नाही.

सांगितलं ते नंदाबाईनं. या खेपेला ती कौतुकच करायला आली होती.

"सावित्रे, मी बोलले ते माघारी घेते बाई. तुजी नात लय बोलायला लागली म्हनं. तुजीच गोष्ट लावत्यात रोज दुपारच्याला त्या टॅबवर, आमची सृष्टी घरी येऊन तेच सांगती."

"दुपारच्याला?" सावित्राबाई म्हणाली.

"व्हय, जेवान झालं की."

सावित्राबाईनं हातातली जुडी चिखलात ठेवली आणि सरळ उभी राहिली. दिवस सोमवारचा होता. तिनं डोंगराकडं बघितलं, तर डोंगर नव्हता. माथ्यावरून उतरलेलं धुकं वाडीच्याही खाली आलं होतं.

संध्याकाळ झाली, कोंडू आला नाही. दिवा लागला, तरी नाही. सावित्राबाई वाडीच्या टोकाला जाऊन हाका घालून आली, धुक्यात हाक चार पावलंसुद्धा जात नव्हती. शेजाऱ्याच्या फोनवरून लावून बघितलं, त्याचा फोन बंद. त्या घरात त्या दिवशी कुणी भाकरी मोडली नाही. आजी दिव्याजवळ बसून दाराकडं बघत राहिली, आणि रूपाला न सांगता सगळं कळलं. दुपारी आपणच तर हुंकार दिला होता.

कोंडू सकाळी आला, लंगडत. विजारीचा एक पाय फाटलेला, गुडघा सुजून भोपळा.

"आये, न्हानपनापास्नं चालतोय या वाटंनं," तो ओशाळं हसत म्हणाला, "आन काल डोंगराच्या भलत्याच सोंडंवरनं उतरलो. वाटच चुकलो बग." घसरून गुडघा धडकला होता, आणि धनगराच्या रिकाम्या गोठ्यात बसून त्यानं उजाडू दिलं होतं.

सावित्राबाईनं पुढं काही विचारलं नाही. तिनं पाणी तापवलं, गुडघा शेकला, हळद लावली, आणि कामाचा खाडा करून शाळेची वाट धरली.

दारात ती उभी राहिली तेव्हा अंगावरून पाणी निथळत होतं. चिखलात राहून राहून बोटांच्या बेचक्यात कातडं पांढरं पडून फाटलं होतं. मॅडमनी आत बोलावलं, ती आत आली नाही.

"म्याडम, माजी गोष्ट काढा त्यातनं. दिवसा लावली तुमी. माजं पोरगं वाट चुकलं."

मॅडमच्या ओठावर आलं होतं की काल धुकं किती होतं. सगळं लोणावळं धुक्यात होतं, गाड्यासुद्धा दिवे लावून चालल्या होत्या. पण त्यांची नजर त्या पायांवर गेली, आणि रूपानं सांगितलेलं त्यांना आठवलं.

"मावशी, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं होतं, मी हसण्यावारी नेलं."

त्यांनी टॅब दारात आणला, गोष्ट तिच्या डोळ्यांदेखत पुसली. सावित्राबाईनं विचारलं, पार गेली का? मॅडम म्हणाल्या, पार गेली. सगळा वर्ग बघत होता. रूपाही बघत होती. त्या आवाजात आजीबरोबर तिचाही हुंकार होता, तोही गेला. आणि आपल्या हुंकारानंच मामा वाट चुकला, हे आता सगळ्या वर्गासमोर पक्कं झालं होतं.

त्या दिवसापासून रूपा घरीही बोलेना. शेळीशी नाही, तव्याशी नाही. दिवा लागल्यावर आजीनं आपणहून गोष्ट काढली, खेकडीचं बीळ मोडलं म्हणाली आणि थांबली. हुंकार आला नाही. सावित्राबाईनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. रूपा भिंतीकडं तोंड करून निजली. ज्या घरात बोलणं मावत नव्हतं तिथं पागोळ्यांचा आवाज ऐकू यायला लागला, आणि तो ऐकवेना.

कोंडू गुडघ्यामुळं घरीच होता. हे सगळं तो बघत होता. एकदा आई भाकरी थापत असताना तो तिला म्हणाला, "आये, वाट चुकलो, पन आलो का न्हाई मी?"

"या खेपंला आलास," सावित्राबाई म्हणाली. "एक गेलीया माजी. दुसरं जाऊ दिऊ व्हय?"

एका हातात पोरगा आणि दुसऱ्या हातात मेलेल्या लेकीची खूण, कुठला हात सोडायचा? म्हातारीला आतल्या आत चरका बसत होता. पोरगा सांभाळावा तर पोर मुकी होत होती, आणि पोर बोलती करावी तर पोरगा धुक्यात जात होता. तिला देवाचाही राग आला आणि टॅबचाही.

मग झड लागली. पावसानं दिवस दिवस उघडीप दिली नाही. वारा घरात पाणी मारायला लागला तेव्हा कोंडूनं दार ओढून घेतलं, झरोक्यात गोणपाट कोंबलं. भर दुपारी घरात काळोख झाला. सावित्राबाईनं चिमणी पेटवली आणि नाचणीचं पीठ काढायला वळली, तर ओट्याखालच्या कोंबड्या एकामागून एक उठल्या, डालग्याखाली शिरल्या, पंखात मान घालून बसल्या. कोंबडा तर केव्हाच डोळे मिटून होता.

सावित्राबाई पीठ तसंच ठेवून त्यांच्याकडं बघत राहिली. माणसं फसतील, कोंबड्या काय फसणार? कोंबड्यांना रात्र बरोबर कळते, त्यांना कुणी घड्याळ शिकवत नाही. त्यांच्या लेखी रात्र झाली होती. बाहेर असेल दुपार, ती दाराबाहेर.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शाळेच्या दारात. आल्या आल्या तिनं विचारलं, "म्याडम, शाळंची दारं-खिडक्या नीट लागत्यात का?"

"लागतात. का हो मावशी?"

"मग रात करू आपन. रात करून सांगू गोष्ट."

मॅडमना समजायला क्षणभर लागला. समजलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. उलट त्यांना लाज वाटली. भिंतीवरचं चित्र फिकट पडतं म्हणून त्या कधीपासून पडद्यांसाठी अर्ज करत होत्या, आणि खिडकी लावून घ्यावी हे काही सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कोंडू लंगडत आला. त्यानं खिडक्यांवर बाहेरून जुनी ताडपत्री बांधली. नंदाबाईनं घरची दोन घोंगडी पाठवली, ती आतून लावली. दाराखालच्या फटीतून उजेडाची रेघ येत होती, तिथं सावित्राबाईनं गोणपाट दाबलं. मग तिनं डोळ्यासमोर हात धरून बघितला. बोटं दिसली नाहीत तेव्हाच तिचं समाधान झालं. चिमणी लावली. पोरांना सांगितलं, ही रात हाय. पोरांना असल्या गोष्टी फार समजावाव्या लागत नाहीत. दोघाचौघांनी लगेच जांभया दिल्या.

मॅडमनी टॅबवर आवाज भरायला घेतला. सावित्राबाईनं पहिलं वाक्य टाकलं. सृष्टीनं हुंकार दिला, सगळ्या पोरांनी दिला. सावित्राबाई पुढं गेली नाही. चिमणीच्या उजेडात बसून राहिली, वाट बघत. पोरं चुळबुळायला लागली. खूप वेळानं भिंतीकडेहून बारीक, विचारल्यासारखा आवाज आला.

"हूं?"

"आन मंग," सावित्राबाई म्हणाली, "मंग खेकडी निघाली."

टॅबमध्ये गोष्ट परत भरली, या वेळी सगळ्या वर्गाच्या हुंकारासकट. सावित्राबाईनं मॅडमकडून वचन घेतलं, की दार-खिडक्या लावल्याशिवाय ती कधी लावायची नाही. मॅडमनी दिलं आणि पाळलं. जेवणाची सुट्टी झाली की पोरंच पळत खिडक्या लावायची, गोणपाट दाबायची, एकमेकांच्या डोळ्यापुढं हात नाचवून रात्र पक्की झाली का बघायची. अंधारात भिंतीवरची खेकडी आता लालभडक दिसायची. गोष्टीला गोष्टी जोडल्या गेल्या, वाडीतल्या आणखी म्हाताऱ्यांचे आवाज टॅबमध्ये गेले. पोरं त्या अक्षरांवरून वाचायला शिकली आणि तिथून पुस्तकातलंही वाचायला लागली. ससासुद्धा त्यांना आता इतका परका वाटेना.

रूपा अंधारात बोलायची. हुंकार द्यायची, वाक्यं वाचायची, एकदा तर सृष्टीची चूक काढली. पण दार उघडलं, उजेड आला, की ओठ घट्ट. मॅडमनी उजेडात पुस्तक पुढं धरलं तर खाली मान. सावित्राबाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अर्धी तर अर्धी आली. कोंडू तिच्यापेक्षा व्यवहारी.

"आये, साहेब उजेडातच वाचून घेनार," तो म्हणाला. त्यानं आश्रमशाळेची चौकशीही करून ठेवली होती. रूपा तिथंच चुलीशी बसली होती. तिनं ऐकलं आणि काटकीनं राखेत रेघा ओढत राहिली.

गुडघा बरा झाला आणि कोंडू परत तुंगार्लीला गेला. पुढच्या सोमवारी सावित्राबाई कामावर गेलीच नाही. दुपारी ती शाळेत आली आणि दाराला पाठ लावून बसली. वचन दिलेलं असलं तरी दुधानं तोंड पोळलेलं. पोरगा वाटेवर होता, डोंगरावर धुकं होतं, आणि दार तिला स्वतःच्या पाठीनं धरून ठेवायचं होतं.

साहेब नेमके त्या दिवशी आले. कळवून आले नव्हते. मोटारसायकलवर भिजून, चिखलानं माखून शाळेपाशी पोचले आणि बघतात तर भर दुपारी शाळेची दारं-खिडक्या बंद, वर ताडपत्री. मास्तरीण दांडी मारून गेली, दुसरं काय? साहेबांचं डोकं तापलं. त्यांनी दाराला जोरानं धक्का दिला.

सावित्राबाई कोलमडून बाजूला झाली. दार सताड उघडलं. उजेड लोटला, भिंतीवरची खेकडी पुसल्यासारखी नाहीशी झाली, पण आवाज चालूच होता. टॅबमधली सावित्राबाई दुपारच्या उजेडात गोष्ट सांगत होती. मॅडम दचकून उठल्या, टॅब बंद करायला त्यांचा हात अंधाराच्या सवयीनं भलतीकडंच गेला. साहेब ओरडले, काय चाललंय हे, शाळा आहे की थेटर?

सावित्राबाईनं तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं. पण समोर पँट-शर्टातला साहेब, चढा आवाज, आणि तिची सगळी हयात असल्या आवाजापुढं पदर सावरण्यात गेलेली. तिनं पदर पुढं ओढला.

तेव्हा भिंतीकडेची रूपा उभी राहिली. पुढं आली, साहेबांच्या चिखलानं भरलेल्या बुटांपुढं येऊन थांबली. उजेड सरळ तिच्या तोंडावर होता, ती डोळे बारीक करून वर बघत होती.

"सायेब, दार लावा," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण साऱ्या वर्गाला ऐकू गेला. "माजा मामा वाटंवर हाय."

कुणी हसलं नाही. साहेबांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी मान हलवली. साहेबांनी दाराशी सावरून बसलेल्या म्हातारीकडं बघितलं, मग त्या एवढ्याशा पोरीकडं. तेही कुणा बहिणीचे भाऊ असतील, कुणाचे तरी मामा असतील. पायातले बूट त्यांनी बाहेर काढले, आत आले आणि दार लोटून घेतलं. सावित्राबाईनं गोणपाट फटीत दाबलं. तिचे डोळे वाहत होते, पण आता अंधार होता आणि ते कुणाला दिसणार नव्हतं. मॅडमना टॅब सापडला होता, त्यांनी गोष्ट थांबवली आणि मागं नेऊन पुन्हा पहिल्यापासून लावली. साहेब चाचपडत पोरांमध्ये खाली बसले.

बांधात एक खेकडी राहत होती, टॅब म्हणाला, त्यात भरलेला पोरांचा हुंकार आला, आणि मग तो वाट बघायला लागला.

"हूं म्हना, सायेब," शेजारून रूपा म्हणाली. "न्हाईतर गोष्ट फुडं जात न्हाई."

अंधारात साहेबांनी घसा खाकरला आणि हुंकार दिला.